टिनाचं कडं आणि टोपलीतलं शेवटचं फळ

त्र्यंबकराव मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते धोतराचा सोगा सावरत संत्र्यांच्या ढिगाशी मांडी घालून बसले होते आणि पेटी भरत होते. भरत होते म्हणजे काय, नासवत होते. वरूडच्या बागायतदार संघानं अमरावतीच्या शाळेतले एक मास्तर व्यवस्थापक म्हणून आणले, एवढं आमच्या कानावर आलं होतं. पण ते पहिल्याच दिवशी खुर्ची सोडून बायांमध्ये येऊन बसतील, असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. फळ देठाकडून धरायचं की बुडाकडून, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. बाया पदरात तोंड लपवून हसत होत्या. मी मात्र उघड हसले, कारण मी दूर कोपऱ्यात होते आणि तिथून हसलेलं कोणाला दिसत नसे.

त्यांना दिसलं. ते उठून आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही इकडे अंधारात का बसता? तिकडे दाराशी उजेड आहे."

मी म्हटलं, "मास्तर, मी विधवा बाई. दाराशी रेल्वेच्या पयल्या वाघिणीच्या पेट्या भरतात. त्याले माहा हात चालत नाही."

"आणि दुसऱ्या वाघिणीला?"

"दुसरीले चालते. दुसरीपासून देवाचं लक्ष नसते."

मास्तर हसले नाहीत. तिथेच उकिडवे बसले आणि मला पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

मास्तरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात आपणही चार शब्द सांगावेत, असा निरोप मंडळींनी मला पाठवला. मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि माझी नातसून लिहून घेते. ती शाळेत शिकवते, तेव्हा माझं बोलणं तिनं धुऊन, इस्त्री करून ठेवलं असेल तर वाचकांनी तेवढं समजून घ्यावं. आता मास्तरांच्या कार्याविषयी सांगायचं तर आधी आमची रीत सांगावी लागेल.

वरूडला रेल्वे नाही. संत्री पेट्यांत भरून ट्रकनं धामणगावला जात आणि तिथून वाघिणीनं, म्हणजे रेल्वेच्या मालडब्यानं, कलकत्त्याला. हंगामाची पहिली वाघीण म्हणजे शुभ वाघीण. तिच्या पेट्या फक्त बागवाल्यांच्या घरच्या सवाष्णींनी भरायच्या, हळदीकुंकू लावून. आम्ही माळी, बागवालेच. माझी जाऊ सरू दाराशी पहिल्या जागेवर बसे. मी तिच्याच घरातली, तिच्याच चुलीवर जेवणारी, पण नवरा वारल्यापासून माझी जागा तणसाच्या, म्हणजे पेटीत घालायच्या वाळल्या गवताच्या, ढिगाशी. भागीरथी नव्यानं बौद्ध झालेल्या वस्तीतली. तिनं बाहेरून तणस आणायचं, फळाला हात लावायचा नाही. हसीनाबी सुताराची बायको. तिनं खिळे मोजून द्यायचे, पेटीत डोकवायचं नाही. शेड एक, छप्पर एक, पण आत माणसांच्या चार पेट्या आणि चारींना वेगवेगळे खिळे. ही रीत मोडली तर माल कलकत्त्याला पोचेपर्यंत सडतो, असं सगळे म्हणत. आम्हीही म्हणत असू. कोणी कधी मोडूनच पाहिली नव्हती.

मास्तरांनी भाषण केलं नाही. मोठा माणूस आला की भाषण करतो, हा आमचा अनुभव होता आणि भाषणाच्या वेळी जरा डुलकी घेता येते म्हणून आम्हाला ते आवडतही असे. मास्तरांनी एक टोपली आणली, तीत संत्री भरली आणि वरून फडकं टाकलं. फळाचा आकार पाहायला आमच्याकडे टिनाची कडी असत, लहान, मधलं आणि मोठं. कोणत्या कड्यातून फळ पडतं त्यावरून ते कोणत्या पेटीत जायचं ते ठरे. मास्तर म्हणाले, "दर सोमवारी प्रत्येकानं फडक्याखाली हात घालून एक फळ काढायचं आणि कड्यातून टाकून पाहायचं. ज्यांचं फळ एका आकाराचं, त्यांची आठवडाभर एक टोळी. बरोबर बसायचं, बरोबर भरायचं, बरोबर जेवायचं."

सरू म्हणाली, "मास्तर, माणसं काय संत्री होत काय?"

"नाहीत," मास्तर म्हणाले. "संत्री भांडत नाहीत."

पहिल्या सोमवारी माझं मोठं फळ निघालं. भागीरथीचं मोठं. हसीनाबीचं मोठं. आणि सरूचंही मोठंच निघालं. सरूनं ते फळ कड्यातून दोनदा टाकून पाहिलं, मग कडंच वाकडं आहे असं म्हणाली. मास्तरांनी तिला दुसरं कडं दिलं. फळ त्यातही मोठंच होतं.

भागीरथी आली, पण बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "माह्या हातचं तणस तुमाले इतके साल चाललं. आता मी बसू काय, का तणसच बसवता?"

मी आपली थोडी सरकले. त्यात मोठेपणा नव्हता. माझ्या एका बाजूला खांब होता आणि दुसऱ्या बाजूला सरू होती. मी सरूकडे सरकले, म्हणून सरूला सरकावं लागलं. हसीनाबी म्हणाली, "चलो, जगा हो गई," आणि ती भागीरथीच्या आधीच बसून मोकळी झाली.

पंगतीत आठवडाभर सरूनं आपली भाकर पाठ करून खाल्ली. पुढच्या आठवड्यात तिचं मधलं फळ निघालं आणि ती दुसऱ्या टोळीत गेली. तिथं तिला दोन कोरकू बाया मिळाल्या. त्यांची आमची भाषाही एक नाही. सरू त्यांच्याशीही भांडली आणि कशी भांडली ते मला अजून कळलेलं नाही.

हे सगळं चाललं तोवर संघाचे पंच गप्प होते. पण आंबिया बहाराची, म्हणजे नव्या हंगामाची, पहिली वाघीण जवळ आली तसे ते मास्तरांकडे आले. मी तेव्हा चहा घेऊन गेले होते, म्हणून मला ठाऊक. ते म्हणाले, "मास्तर, तुमची टोपली दुसऱ्या वाघिणीपासून ठेवा. पयली जुन्या रीतीनं जाऊ द्या."

मास्तर म्हणाले, "पहिलीतूनच बाहेर ठेवायचं, तर दुसरीत घेतलं याला काय अर्थ?"

"मग असं करा. या टोळ्यांनी भरलेली वाघीण कलकत्त्याले धड पोचली तर तुमचं खरं. सडली तर तुमी अमरावतीले वापस, आन् शेड पयल्यासारखं."

मास्तरांनी मान्य केलं. अडचण पुढेच होती. अशा वाघिणीत आपली फळं द्यायला एकही बागवाला तयार होईना. आपला वर्षाचा माल कोण जुगारात लावतो? शेवटी मी घरी धाकट्या दिरापुढे, म्हणजे सरूच्या नवऱ्यापुढे, बसले. घरचा कारभार त्यांच्याकडे होता. मी म्हटलं, "बाग तुमचा तसा माह्या नवऱ्याचाही होता. त्याच्या वाट्याची फळं तरी माह्या हातानं भरू द्या." ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, "वाटा कायले करता वहिनी. सारीच द्या." सरू आतून भांडी आपटत होती. त्या दिवशी आमच्या घरातली भांडी फार स्वच्छ निघाली.

म्हणजे एका वाघिणीत मास्तरांची नोकरी होती, आमच्या घराचं वर्ष होतं आणि दाराशी बसायची माझी जागा होती. आम्ही तीन दिवस पेट्या भरल्या. भागीरथीचा हात असा हलका की फळाला कळू नये, कोणी उचललं. मी उजेडात बसले. डोळे दिपले, पण तक्रार केली नाही. चौथ्या दिवशी पहाटे ट्रक धामणगावला निघाले.

न्याहारीच्या वेळी सरू माझ्याजवळ आली. चेहरा समाधानी. म्हणाली, "जाऊबाई, आता चिंता करू नका. मी बंदोबस्त केला."

"कायचा बंदोबस्त?"

"तुमच्या टोळीनं भरलेल्या पेट्यायमंदी मी एकेक लिंबू टाकलं. भगताकडून मंतरून आणलं, मधून चिरून, कुंकू भरून. आता कोणाची सावली लागत नाही."

माझ्या हातातली भाकर हातातच राहिली. संत्र्याच्या पेटीत चिरलेलं लिंबू. देठ तुटलेलं फळ पेटीत गेलं तरी बुरशी शेजारच्या फळाला लागते आणि पेटी आतून हिरवी होऊन जाते, हे आमच्या शेडातल्या पोरीसोरींना ठाऊक. सरूनं स्वतः जन्मभर अशी फळं वेचून बाजूला टाकली होती.

मी म्हटलं, "सरू, चिरलेलं फळ सडते ना व माय."

"मंतरलेलं लिंबू कधी सडते काय?" ती म्हणाली. पण म्हणता म्हणताच तिचा आवाज बसला. तोंडावाटे शब्द निघेपर्यंत माणसाला आपलं बोलणं ऐकू येत नाही, हे खरं.

मी मास्तरांकडे धावले. वय झालेली बाई धावते तेव्हा लोक समजतात की घराला आग लागली. मास्तरांनी ऐकून घेतलं. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी विचारलं, "वाघीण केव्हा जोडतात?"

"दिवस मावळता."

शेडात एक ट्रक उभा होता. त्याचे सरदारजी अमृतसरकडचे. त्यांना अर्धी गोष्ट समजली आणि ते म्हणाले, "बैठो सब, बाद में समझूँगा." तणसाचे भारे, खिळ्यांची पिशवी, हातोड्या, हसीनाबीचा सुतार नवरा आणि आम्ही सगळ्या ट्रकच्या पाठीवर चढलो. सरू खालीच उभी राहिली. पंचांपैकी एकजण तिथं आले होते. ते म्हणाले, "हिले इथंच ठेवा. हिनंच घात केला. आजपासून शेडात पाय ठेवायचा नाही हिनं."

खरं सांगते, मलाही त्या घडीला ते बरोबर वाटलं. पण मास्तरांनी ट्रकवरून हात खाली दिला आणि म्हणाले, "सरूबाई, चढा लवकर. लिंबू कोणत्या पेटीत कुठे ठेवलंय ते तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक आहे?" मग पंचांना म्हणाले, "एकाला आत घ्यायला दुसऱ्याला बाहेर काढलं, तर शेडात माणसं वाढली कुठे?"

सरू चढली. मोर्शी मागे पडेपर्यंत ती ट्रकच्या फळीला धरून बसली. मग भागीरथीनं तिला भारे उचलताना डोक्याला बांधायचा आपला पंचा दिला, डोक्यावर घ्यायला, कारण ऊन फार होतं आणि सरू घाईत उघड्या डोक्यानं आली होती. सरूनं तो घेतला. वाकडं तोंड करून घेतला, पण घेतला.

धामणगावला फलाटालगत आमच्या पेट्या रचलेल्या होत्या. वाघिणीत चढायच्या बाकी. मास्तरांनी स्टेशनमास्तरांपुढे टोपी काढून परवानगी मागितली. मग तिथेच जमिनीवर आम्ही बसलो. त्या दिवशी कोणी फडक्याखाली हात घातला नाही. जिथं जागा मिळाली तिथं जी ती बसली. सरू पेटीवर बोट ठेवी, "ही. ही पण. ही नाही, ही भागीच्या हातची नव्हती." हसीनाबी आणि तिचा नवरा खिळे उपसत. मी लिंबू काढी, ओलं तणस फेकी, भागीरथी शेजारची फळं पुसून पाही, नवं तणस घालून पुन्हा लावी. सरदारजी हातोडी मारत होते आणि मध्येच आपल्या बोटावरही मारत होते. स्टेशनवरचे हमाल आधी गंमत पाहत उभे होते. मग त्यांनीही पेट्या उचलायला सुरुवात केली. लिंबांचा ढीग झाला. सगळी आत्ताच चिरल्यासारखी ओली होती. एकालाही अजून बुरशी नव्हती.

शेवटची पेटी चढली तेव्हा सरू हातात एक लिंबू धरून उभी होती. तिला ते टाकवेना. भीती अशी एका दिवसात जात नाही. मास्तरांनी पाहिलं. त्यांनी तिच्या हातातलं लिंबू घेतलं, हसीनाबीकडून सुतळी मागितली आणि ते वाघिणीच्या दाराच्या कडीला बाहेरून बांधलं. म्हणाले, "सरूबाई, तुमची काळजी बाहेर राहू द्या. बाहेर ती फळांना लागत नाही."

वाघीण गेली. आता वाट पाहण्याशिवाय काम नव्हतं. त्या दिवसांत आमच्या घरात कोणी कोणाला धड उत्तर देत नव्हतं. दीर सुपारी कातरत आणि खाणं विसरत. मग एका दुपारी कलकत्त्याच्या अडत्यांची, दत्तबाबूंची, तार आली. मास्तरांनी ती वाचली आणि आधी खाली बसले. आम्हाला वाटलं, संपलं. मग ते म्हणाले, "माल उत्तम. दुसरी वाघीण लवकर पाठवा."

माझा जीव भांड्यात पडला. भागीरथीनं हातातलं तणस खाली ठेवलं आणि डोळ्यांत गेलेलं कुसळ काढत बसली. बराच वेळ काढत बसली. हसीनाबीनं सगळ्यांना गूळ वाटला. दीर आले आणि मास्तरांना नमस्कार करून गेले. त्या दिवसापासून आमच्या घरात माझं ताट पहिल्या पंगतीत लागलं. सरू मात्र शांतपणे म्हणाली, "मी सांगतलं होतं ना, लिंबाचा गुण आहे." आजही संघाच्या प्रत्येक पहिल्या वाघिणीच्या दाराला बाहेरून एक लिंबू असतं. ते बांधायचा मान सरूचा. मास्तरांनी तो कधी बंद होऊ दिला नाही.

पुढे संघ वाढला. अकोल्याला दुसरं शेड झालं, दिल्ली-कलकत्त्याला संघाची दुकानं झाली. मास्तर जिथं जात तिथं पिशवीत टिनाचं कडं नेत. कलकत्त्याला बिहारचे हमाल, ओरिसाचे हमाल आणि बंगाली कारकून, प्रत्येकाची चूल वेगळी. मास्तरांनी तिथंही टोपली मांडली. दत्तबाबू नंतर वरूडला आले तेव्हा हसत हसत सांगत होते, की पहिल्याच जेवणात त्यांच्या शेजारच्या हमालानं विचारलं, "बाबू, पेटीवर हा बाण काढलेला असतो तो शोभेसाठी का?" इतकी वर्षं तो पेट्या उलट्या ठेवत होता, कारण त्याच्याशी कोणी बोललंच नव्हतं.

अकोल्याच्या शेडात फळांचे आकार निवडायचं यंत्र आलं. ते बसवायला एक गोरे मिस्त्री आले, कोणत्या तरी बर्फाच्या देशातले. नवीन बायांना शिकवायला मास्तरांनी मला आणि भागीरथीला अकोल्याला नेलं होतं. मिस्त्रींनीही फडक्याखाली हात घातला आणि त्यांचं फळ भागीरथीच्या टोळीत निघालं. ठेचा खाऊन त्यांचे कान लाल झाले, पण उठले नाहीत. भागीरथीनं मास्तरांच्या मार्फत त्यांना विचारलं, "तुमच्या गावात कोन कोनाजवळ बसत नाही?" मिस्त्रींनी विचार केला. मग म्हणाले, की त्यांच्या गावात दोन चर्च आहेत आणि एका चर्चची माणसं दुसऱ्यांच्या घरी जेवत नाहीत. त्यांच्या आईनं तर शेजारणीच्या हातचा पाव आयुष्यात खाल्ला नाही. हे ऐकून आम्हाला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. आम्ही समजत होतो, हा रोग फक्त वऱ्हाडातच आहे. निघताना त्यांनी एक कडं मागून नेलं. त्यांच्या गावी संत्री होत नाहीत. कशावर चालवलं असेल कोण जाणे, बटाट्यावर चालवलं असेल.

मास्तरांच्या घरच्या मायेचं एकच सांगते. अकोल्याला माझ्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, सोबत कोण आहे? मास्तर म्हणाले, "मी. ह्या माझ्या थोरल्या भगिनी." पट्टी सुटल्यावर मी त्यांना म्हटलं, "थोरली कायले म्हणता जी, दात तर माहेच जास्त आहेत." मास्तरांच्या पत्नी माई तिथं डबा घेऊन आल्या होत्या. त्या इतक्या हसल्या की डबा माझ्या हाती द्यायचा राहून गेला. त्याच माईंनी त्या संक्रांतीला मला हळदीकुंकवाला बोलावलं आणि सगळ्यांबरोबर वाण दिलं. कुंकवाचा करंडा माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण करंडा तुम्हाला सोडून पुढे जाणार नाही." मी ते कपाळाला लावलं नाही. बोटावर घेतलं आणि घरी जाईपर्यंत पुसलं नाही.

साठी बुद्धी नाठी असं म्हणतात. मास्तरांची बुद्धी तर व्यापाऱ्यांच्या मते त्यांच्या चाळिशीतच नाठी झाली होती, म्हणून आता त्यांना काही धोका नाही. मागच्या साली त्यांची छाती दुखली आणि ते महिनाभर अंथरुणावर होते, तेव्हा आमच्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. सरूनं त्यांच्या खिडकीला बाहेरून लिंबू बांधलं. डॉक्टर म्हणतात औषधाचा गुण आला. मी मध्ये पडत नाही. मास्तर उठून हिंडू लागले, एवढं मला पुरे आहे.

सत्काराच्या दिवशी पुढे खुर्च्या मांडणार आहेत असं कळलं. माझी एक विनंती आहे. दाराशी टोपली ठेवा, फडकं टाका, कडं ठेवा आणि ज्याला जिथं फळ नेईल तिथं बसू द्या. मंत्री आले तर त्यांनीही काढावं. मास्तर नेहमीप्रमाणे शेवटी उभे राहतील. टोपलीत सगळ्यांचं काढून झालं की जे एक फळ उरे, ते मास्तर घेत. इतक्या वर्षांत त्यांनी त्याआधी कधी हात घातला नाही.

वर बसलेल्यालाही टोपलीत हात घालायची सवय आहे. तो एकेकाला उचलतो आणि त्याची निवड आपल्याला कळत नाही. त्याला माझं एवढंच मागणं, की मास्तरांचं फळ त्यानं बुडाशी, तणसात नीट गुंडाळून, सगळ्यात शेवटी ठेवावं. तोवर मास्तरांचे गुडघे, छाती आणि माईंच्या हातची भाकर धड राहो. मी त्यांच्या आधी जाणार, हे वयाप्रमाणे ठरलेलंच आहे. तिथं जाऊन मी उजेडात, दाराशी बसेन आणि जरा सरकून जागा ठेवेन. मात्र मास्तरांनी येण्याची घाई करू नये. शेजारी सरू असणार, आणि तिची भांडणं निस्तरायला मला बराच वेळ लागेल.